पार्किन्सन्स आणि स्टेम सेल: मेलेल्या चेतापेशींच्या जागी नव्या पेशी बसवता येतात का?

पार्किन्सन्सचं निदान झालेल्या घरात वर्ष-दोन वर्षांत कधी ना कधी हा प्रश्न निघतोच. कुणीतरी नातेवाईक व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवतो. त्यात थरथरत बसलेला माणूस महिन्याभराने खुर्चीतून उठून चालताना दिसतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'स्टेम सेलची कमाल'. मग घरातली मुलं आपल्या न्यूरोलॉजिस्टना विचारतात, "डॉक्टर, हे करून बघायचं का?"

आजच्या घडीला या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. एक म्हणजे, मूळपेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत खरोखर बसवल्या गेल्या आहेत. त्या तिथे जगल्या आणि डोपामिन तयार करू लागल्या. असे दोन अभ्यास एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दुसरं म्हणजे, आपल्याकडे लाखो रुपये घेऊन 'स्टेम सेल' म्हणून जे टोचलं जातं, त्याचा या संशोधनाशी जवळजवळ काहीच संबंध नाही. ही दोन उत्तरं एकमेकांत कालवली जातात आणि त्यात माणसं नाडली जातात. ती वेगळी करून सांगावीत, एवढ्यासाठी हा लेख.

आधी आजार समजून घेऊ. मध्यमेंदूत 'सबस्टॅन्शिया नायग्रा' नावाचा एक काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन हे रसायन बनवतात आणि आपल्या लांबलचक तंतूंमधून मेंदूच्या आतल्या बाजूला असलेल्या पुटामेन या भागात पोचवतात. हालचाल सुरू करणं, तिचा वेग राखणं, एकीतून दुसरीत सहज जाणं, हे सगळं या डोपामिनवर चालतं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यात या खास पेशी जेमतेम काही लाख. पार्किन्सन्समध्ये मरतात त्या मुख्यतः याच, आणि पहिलं लक्षण घरच्यांच्या नजरेत येईपर्यंत त्यांचा मोठा हिस्सा गेलेला असतो. अक्षर बारीक होत जातं. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. चालताना एक हात हलत नाही. पुढे पुढे उंबऱ्यापाशी आलं की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात.

डोपामिन थेट देता येत नाही, कारण रक्तातून ते मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा मात्र शिरतं आणि आत जाऊन त्याचं डोपामिन होतं. १९६० च्या दशकात हे औषध आलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालू लागली. आयुर्वेदात कंपवातावर वापरल्या जाणाऱ्या खाजकुयलीच्या बियांमध्येही हेच लेव्होडोपा नैसर्गिकरीत्या असतं. आजही या आजारावर यापेक्षा प्रभावी गोळी नाही. पण मेंदूतल्या पेशी कमी कमी होत जातात तसं लेव्होडोपा साठवून हळूहळू वापरणारं आत कुणी उरत नाही. मग गोळी घेतली की तास-दोन तास बरे, नंतर शरीर आखडलेलं. यालाच रुग्ण 'ऑन' आणि 'ऑफ' म्हणतात. डोस वाढवला की हातपाय नको तितके वळवळू लागतात. दुपारी डाळ-पनीर भरपूर खाल्लं तर त्यातल्या प्रथिनांमुळे गोळी नीट लागत नाही, हेही अनेक घरांनी अनुभवलेलं असतं.

ज्या पेशी गेल्या त्यांच्या जागी तशाच नव्या पेशी बसवाव्यात, हा विचार इथून आला. आणि तो नवा नाही. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे ओले लिंडव्हाल आणि अँडर्स ब्योर्क्लुंड यांच्या गटाने गर्भपातानंतर मिळालेल्या, काही आठवड्यांच्या भ्रूणांच्या मेंदूतली ऊती रुग्णांच्या मेंदूत बसवली. सगळ्यांना गुण आला नाही. पण काही रुग्णांची लेव्होडोपा कित्येक वर्षं बंद राहिली. या थोड्या माणसांमुळेच पुढची तीस-पस्तीस वर्षं शास्त्रज्ञांनी हा नाद सोडला नाही.

मग अमेरिकेत याची कडक परीक्षा झाली, आणि मला तरी या सगळ्या कहाणीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच वाटतो. कर्ट फ्रीड यांच्या २००१ च्या अभ्यासात ४० रुग्ण होते. २० जणांच्या मेंदूत पेशी बसवल्या. उरलेल्या २० जणांची लुटुपुटीची शस्त्रक्रिया केली, म्हणजे कवटीला भोकं पाडली पण मेंदूला हात लावला नाही. कुणाला काय मिळालं हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. वर्षाने रुग्णांनी स्वतः दिलेल्या गुणांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. हालचालींच्या तपासणीत साठीच्या आतल्या रुग्णांना थोडा फायदा दिसला, त्याहून मोठ्यांना नाही. पुढे पेशी मिळालेल्यांपैकी सुमारे १५ टक्के रुग्णांना औषध कमी केल्यावर किंवा बंद केल्यावरही अंगाची वळवळ सुरू राहिली, आणि ती थांबवणं अवघड गेलं.

याच रुग्णांचा आणखी एक अभ्यास २००४ मध्ये आला. प्रत्येकाला विचारलं गेलं की तुम्हाला काय वाटतं, तुमच्या मेंदूत पेशी बसवल्या आहेत का? ज्यांना 'हो' वाटत होतं त्यांचं रोजचं आयुष्य सुधारलेलं होतं, मग प्रत्यक्षात त्यांना पेशी मिळालेल्या असोत वा नसोत. ही माणसं खोटं बोलत नव्हती. कॅनडातल्या संशोधकांनी २००१ मध्येच मेंदूच्या पेट स्कॅनवर दाखवलं होतं की आपल्याला औषध मिळतंय या नुसत्या अपेक्षेने पार्किन्सन्सच्या रुग्णाच्या मेंदूत डोपामिन स्रवतं. म्हणजे या आजारात आशा खरोखरच काही काळ गुण देते. म्हणून व्हिडिओतला माणूस चालतोय हे खरं असू शकतं, आणि तरीही त्या इंजेक्शनाने काहीच केलेलं नसू शकतं. तो सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी कसा आहे, हे व्हिडिओत नसतं.

भ्रूणांच्या ऊतीची अडचण आणखीही होती. एका रुग्णाला कित्येक भ्रूण लागत. प्रत्येक वेळचा माल वेगळा, त्यात नेमक्या पेशी किती आणि नको त्या किती, याचा भरवसा नाही. अंगाच्या वळवळीमागे त्यात मिसळलेल्या सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी असाव्यात, असा संशय नंतर बळावला. शिवाय या सगळ्यामागचा नैतिक प्रश्न होताच.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेतल्या मूळपेशी वेगळ्या काढून वाढवल्या. या पेशींपासून शरीरातली कुठलीही पेशी घडू शकते आणि त्या अमर्याद वाढवता येतात. २००६ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठातले शिन्या यामानाका यांनी त्याही पुढचं पाऊल टाकलं. उंदराच्या साध्या त्वचेच्या पेशीत फक्त चार जनुकं घालून त्यांनी तिला पुन्हा मूळपेशीसारखं केलं. वर्षभरात माणसाच्या पेशींवरही हे जमलं. या पेशींना आयपीएस पेशी म्हणतात. यामानाकांना २०१२ चं नोबेल मिळालं. म्हणजे भ्रूणाशिवायही मूळपेशी मिळू लागल्या.

पण मूळपेशी हातात आली म्हणजे उपचार हातात आला असं नाही. ती तशीच मेंदूत टाकली तर वाटेल तशी वाढेल, गाठ होईल. तिला आधी नेमकी मध्यमेंदूतली डोपामिन बनवणारी पेशी व्हायला लावायचं असतं. गर्भात हे आपोआप घडतं, कारण वाढत्या भ्रूणात कुठे कोणतं रसायन, किती आणि कोणत्या दिवशी पोचायचं हे ठरलेलं असतं. न्यूयॉर्कमधल्या लॉरेन्झ स्टूडर यांच्या प्रयोगशाळेने हेच वेळापत्रक बशीत हुबेहूब बसवायला कित्येक वर्षं घालवली आणि २०११ मध्ये त्यांना ते जमलं. एका रसायनाची मात्रा थोडी इकडे-तिकडे झाली तरी मध्यमेंदूऐवजी पुढच्या मेंदूच्या किंवा पाठीमागच्या मेंदूच्या पेशी तयार होतात. क्योतोमध्ये जुन ताकाहाशी यांच्या गटाने त्यात आणखी एक गाळणी बसवली. योग्य वाटेवर लागलेल्या पेशींच्या पृष्ठभागावर कोरिन नावाचं प्रथिन असतं, त्या खुणेवरून तेवढ्याच निवडून घ्यायच्या. रुग्णाच्या मेंदूत जातात त्या अशा अर्धवट वाढलेल्या पेशी. चेतापेशी होणार हे नक्की झालेलं असतं, पण तंतू फुटायचे बाकी असतात. पूर्ण वाढलेली चेतापेशी उचलून लावली तर जगत नाही.

आता त्या लावायच्या कुठे? सबस्टॅन्शिया नायग्रात, जिथे जुन्या मेल्या, तिथे नाही. विहीर शेतापासून लांब आहे, तिथून पाटाने पाणी येत होतं, आणि आता विहीरही आटली आणि पाटही बुजला, तर आपण नवी विहीर शेतातच खणू. तसंच इथे आहे. प्रौढ मेंदूत नव्या पेशींना तितके लांब तंतू पाठवणं फार कठीण, म्हणून जिथे डोपामिन हवंय त्या पुटामेनमध्येच त्या सोडतात. रुग्णाला भूल दिली जाते, स्कॅनवर मिलिमीटरच्या हिशोबाने मार्ग आखला जातो, कवटीला छोटी भोकं पाडून बारीक नळीने पुटामेनमध्ये ठिकठिकाणी पेशी सोडल्या जातात. दुसऱ्या दिवशी काही बदल दिसत नाही, दिसायचंही कारण नाही. पेशींना रुजून, तंतू फुटून, शेजाऱ्यांशी जोडून घ्यायला महिनोन्‌महिने लागतात. 'इंजेक्शननंतर आठवड्यात फरक' असं कुणी सांगत असेल तर ते या जीवशास्त्रात बसत नाही.

आता २०२५ च्या दोन अभ्यासांकडे येऊ. क्योतोच्या अभ्यासात ५० ते ६९ वयाचे सात रुग्ण होते. दान केलेल्या पेशींपासून बनवलेल्या आयपीएस पेशी वापरल्या होत्या. कमी डोसवाल्यांना मेंदूच्या प्रत्येक बाजूला २१ ते २६ लाख पेशी, जास्त डोसवाल्यांना ५३ ते ५५ लाख. परक्या पेशी शरीराने नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस हे औषध वर्षाहून थोडं जास्त काळ दिलं. दोन वर्षं लक्ष ठेवलं. गाठ झाली नाही, गंभीर दुष्परिणाम झाला नाही. परिणाम तपासलेल्या सहा जणांपैकी चौघांच्या हालचाली औषध न घेतलेल्या अवस्थेत सुधारल्या, आणि पेट स्कॅनवर पुटामेनमधलं डोपामिनचं काम सरासरी ४४.७ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं.

अमेरिका आणि कॅनडातला दुसरा अभ्यास १२ रुग्णांचा. यात भ्रूणीय मूळपेशींपासून बनवलेल्या पेशी होत्या, स्टूडर यांच्याच कामातून उभ्या राहिलेल्या. पाच जणांना प्रत्येक बाजूला ९ लाख आणि सात जणांना २७ लाख पेशी दिल्या. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वर्षाने थांबवली, तरी पेशी टिकल्या. जुन्या प्रयोगांत दिसलेली ती न थांबणारी वळवळ इथे दिसली नाही.

गुण कसा मोजतात ते जवळून बघण्यासारखं आहे. रुग्ण रात्रीपासून गोळ्या घेत नाही. सकाळी त्याला सगळ्यांत वाईट अवस्थेत तपासतात. अंगठा आणि तर्जनी दहा वेळा जुळवा, मूठ उघडा-मिटा, हात न टेकता खुर्चीतून उठा, चालून दाखवा. प्रत्येक कृतीला शून्य ते चार गुण. एकूण १३२, आणि जितके जास्त गुण तितका त्रास जास्त. २७ लाख पेशी मिळालेल्यांचे गुण दीड वर्षात सरासरी २३ ने उतरले. पार्किन्सन्समध्ये अंक एरवी वर्षागणिक चढतात. म्हणून २३ ने उतरणं ही फार मोठी बातमी आहे.

आणि तरीही हे सिद्ध झालेलं नाही. १२ आणि ७ रुग्ण, आणि लुटुपुटीच्या शस्त्रक्रियेचा गट दोन्हींत नव्हता. २००१ चा धडा ज्यांनी वाचला आहे ते इथे सावध राहणारच. अमेरिकेतल्या गटाने तिसऱ्या टप्प्याची चाचणी हाती घेतली आहे ती याचसाठी. सुमारे शंभर रुग्ण, काहींना खऱ्या पेशी, काहींची लुटुपुटीची शस्त्रक्रिया. जपानमध्ये सुमितोमो फार्मा कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सरकारकडे मान्यतेचा अर्ज केला. जपानच्या कायद्यात थोड्या रुग्णांवरच्या पुराव्यावर सशर्त, मुदतीची मान्यता देण्याची सोय आहे. तशी मान्यता म्हणजे उपचार सिद्ध झाला असं नव्हे, मुदतीत पुढचा पुरावा द्यावाच लागतो. लुंडमध्येही २०२३ पासून मूळपेशींची चाचणी चालू आहे, म्हणजे जिथून हे सुरू झालं तिथेच.

हा उपचार उद्या यशस्वी झाला तरी काय मिळेल आणि काय नाही, हे आत्ताच माहीत असलेलं बरं. कमी झालेलं डोपामिन भरून निघेल, गोळ्या कमी होतील, 'ऑफ'चे तास घटतील. बद्धकोष्ठता, वास न येणं, झोपेत हातपाय झाडणं, तोल जाणं, विसरभोळेपणा, भास, यांतलं बरंचसं डोपामिनबाहेरच्या बिघाडातून येतं, त्याला नव्या पेशी हात लावणार नाहीत. मूळ आजारही थांबणार नाही. भ्रूणांची ऊती बसवलेल्या काही रुग्णांच्या मेंदूची त्यांच्या मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हा दशकाहून जुन्या झालेल्या त्या तरुण पेशींमध्येही पार्किन्सन्सची खूण असलेले अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाचे गोळे सापडले. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. बहुतेक पेशी निरोगी होत्या, पण आजार शेजारून नव्या पेशींतही शिरू शकतो एवढं कळलं. आपल्याकडे आणखी दोन मुद्दे येतील. क्योतोची पेशी जपानमधल्या सर्वांत जास्त लोकांशी जुळेल अशी शोधून घेतली होती. भारतातली ऊतींची विविधता इतकी आहे की एकाच पेशीवर आपलं भागणार नाही. आणि प्रतिकारशक्ती दाबायची म्हणजे ज्यांच्या शरीरात क्षयाचे जंतू निपचित पडून आहेत त्यांना जपावं लागेल, आणि अशी माणसं आपल्याकडे थोडी नाहीत.

अल्झायमरसाठी हेच का करत नाहीत, असं पुष्कळ जण विचारतात. पार्किन्सन्समध्ये मुख्यतः एका प्रकारच्या पेशी, एका छोट्या जागी, एक रसायन बनवत होत्या. अल्झायमरमध्ये मेंदूभर पसरलेल्या, वेगवेगळ्या प्रकारच्या, एकमेकींशी वर्षानुवर्षांच्या अनुभवातून जोडल्या गेलेल्या पेशी जातात. नवी पेशी बसवता येईलही, पण आईच्या आवाजाची आठवण ज्या जोडण्यांत होती त्या जोडण्या नव्या पेशीला कशा माहीत असणार? एएलएस, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये, पाठीच्या कण्यातून पायाच्या बोटापर्यंत तंतू पाठवणारी पेशी हवी. तिथे अस्थिमज्जेतल्या पेशींनी उरलेल्या चेतापेशींना आधार देता येईल का, असे प्रयोग झाले. त्यातल्या एका उपचाराविरुद्ध अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये १७ विरुद्ध १ असं मत दिलं.

आता बाजाराकडे वळतो. आपल्याकडे जे विकलं जातं ते बहुतेक वेळा रुग्णाच्याच अस्थिमज्जेतून किंवा पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी असतात. त्या सलाइनमधून किंवा पाठीच्या मणक्यातून दिल्या जातात. या मेसेन्कायमल पेशी. त्यांचं स्वाभाविक काम हाड, कूर्चा, चरबी बनवायचं. मध्यमेंदूची डोपामिन पेशी त्या होत नाहीत. शिरेतून दिल्या तर बहुतांश फुप्फुसांतच अडकतात. त्यांच्या स्रावांमुळे दाह कमी होतो का, यावर प्रामाणिक संशोधन चालू आहे, ते व्हायलाच हवं. पण 'मेंदूत नव्या पेशी तयार होतात' असं सांगून त्याचे पैसे घेणं ही फसवणूक आहे, याहून सौम्य शब्द मला सापडत नाही. 'आपल्याच पेशी आहेत, नुकसान तर नाही ना?' हा प्रश्नही भोळा आहे. मणक्यात सुई जाते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि पेशी कुणाच्या, कशा वाढवल्या, हे घरच्यांना कुठे दिसतं?

परक्या पेशींनी काय होऊ शकतं याचं उदाहरण वैद्यकीय नोंदीत आहे. इस्रायलमधल्या एका मुलाला मेंदूचा ऱ्हास करणारा अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया हा आनुवंशिक आजार होता. आईवडिलांनी त्याला मॉस्कोला नेऊन तीनदा गर्भाच्या चेतामूळपेशी टोचून आणल्या. पहिल्या उपचारानंतर चार वर्षांनी त्याचं डोकं दुखू लागलं, तेव्हा मेंदूत आणि मणक्यात गाठी सापडल्या. काढलेल्या गाठीतल्या पेशी तपासल्या तर त्या मुलीच्या होत्या, आणि एका नव्हे, किमान दोन दात्यांच्या. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या आईवडिलांनी जे केलं ते मुलाच्या मायेपोटी केलं. म्हणूनच हे सांगताना वाईट वाटतं.

भारतात नियम पुरेसे स्पष्ट आहेत. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं रक्तमूळपेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर मूळपेशींचा बाकी कुठलाही वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. नाळेतल्या रक्ताची खासगी साठवण 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून करण्यालाही या तत्त्वांनी शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलं आहे. कुणी स्टेम सेल सुचवलं तर त्यांना सीटीआरआय या सरकारी नोंदणीतला चाचणीचा क्रमांक मागा आणि घरी जाऊन तो स्वतः शोधून बघा. चाचणीत दिल्या जाणाऱ्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. पॅकेजचा दर सांगितला गेला की ती चाचणी नाही, इतकं ओळखायला पुरेसं आहे.

हाती असलेलं मात्र कमी नाही. गोळ्यांच्या वेळा नीट बसवणं, नियमित व्यायाम आणि फिजिओथेरपी, योग्य रुग्णाला डीबीएसची, म्हणजे मेंदूत बारीक इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया, हे सगळं सिद्ध झालेलं आहे. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांत याच वाटेवरून गेलेली माणसं भेटतात. आणि तुमच्या घरातल्या माणसाला पुढे कधी खऱ्या पेशींच्या चाचणीत जायची इच्छा असेल, तर ते आत्ताच न्यूरोलॉजिस्टना सांगून ठेवा. अशा चाचण्यांत सहसा लेव्होडोपाने स्पष्ट गुण येणारे, स्मरणशक्ती शाबूत असलेले रुग्ण घेतात, आणि आधी कुठे कसल्याही पेशी टोचून घेतलेल्यांना बहुधा वगळलं जातं, कारण मग दिसलेला गुण किंवा झालेला अपाय नेमका कशाचा, हे कुणालाच सांगता येत नाही.